बाबांच्या मणक्यातली गाठ आणि दारातला शेरू

प्रश्न: एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं. त्यांचे वडील ६१ वर्षांचे. दोन वर्षांपासून पाठ दुखते. सुरुवातीला वयाची पाठदुखी म्हणून अंगावर काढली. मग एक्स-रेवरून मणक्याचा टीबी ठरला आणि आठ महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. फरक पडेना, तेव्हा दुसरीकडे एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि निदानच बदललं: छातीच्या आठव्या मणक्यात हायडॅटिड सिस्ट, म्हणजे एका जातीच्या टेपवर्ममुळे (फितीसारख्या चपट्या जंतामुळे) होणाऱ्या पाण्याच्या गाठी. त्या मज्जारज्जूवर दाबू लागल्या आहेत. सर्जननी ऑपरेशन आणि त्यानंतर बरेच महिने गोळ्या असं सांगितलं आहे. गाठी पुन्हा येऊ शकतात, हे मात्र त्यांनी फक्त भाऊ-बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं. वडील म्हणतात, "एकदाच होणार असेल तर करतो. पुन्हा पुन्हा कापून घेणार नाही." आई आणि दादाचं म्हणणं, "एकदाच, असं सांगून टाकू." हा आजार कुत्र्याकडून येतो हे कळल्यापासून घरात शेरूवर राग आहे. चार वर्षांपूर्वी त्याला या भगिनींनीच घरी आणलं होतं. दादा म्हणतो, त्याला लांब सोडून येऊ. आईने बाबांचं ताट-वाटी वेगळं केलं आहे. भगिनी विचारतात: हे माझ्यामुळे झालं का? शेरूचं काय करू? बाबांशी खोटं बोलू का? आणि नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "हल्ली चालताना बाबांची चप्पल पायातून निसटते आणि त्यांना कळतसुद्धा नाही. आम्ही त्यावरून त्यांना चिडवतो."

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांकडे येतो, पण आधी ती चप्पल.

मणक्याच्या रुग्णांबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत. बाह्यरुग्ण विभागात कुणी "चप्पल निसटते आणि कळत नाही" असं म्हटलं की आमचं लिहिणं थांबायचं आणि रुग्णाला आधी टेबलावर घेतलं जायचं. पाऊल कुठे टेकलं, तळव्याखाली काय आहे, याची खबर पायाकडून मेंदूकडे मज्जारज्जूतूनच जाते. ती वाटेत अडली की चप्पल मागे राहते आणि माणूस तसाच पुढे जातो. तुम्ही चिडवलंत याचं वाईट वाटून घेऊ नका. चप्पल हरवणारा माणूस सगळ्यांना विसरभोळाच वाटतो. पण ही गोष्ट सर्जनना माहीत आहे का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. आजच फोन करून सांगा.

फोन करण्याआधी बाबांना जवळ बसवून चार गोष्टी विचारा. पाय जड किंवा ताठ वाटतात का? जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं का? लघवीला जाऊन उभं राहिल्यावर ती सुरू व्हायला वेळ लागतो का? बसायच्या जागेला किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का? हे प्रश्न मुलीने वडिलांना विचारणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. दादाला विचारायला सांगा. लघवी अडली किंवा पायांतला जोर एकदम गेला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. दाबलेला मज्जारज्जू जितका जास्त वेळ दबून राहतो, तितकी पायांची ताकद परत येण्याची आशा कमी होत जाते.

म्हणजे तुमचा चौथा प्रश्न, ऑपरेशन की गोळ्या, तुम्हाला वाटतो तितका मोकळा राहिलेला नसावा. मी बाबांचा एमआरआय पाहिलेला नाही आणि पत्रावरून कुणी ऑपरेशन ठरवूही नये. पण मज्जारज्जूवर दाब आहे आणि त्याची लक्षणं पायांत उतरली आहेत, इतकं पक्कं असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबा, असं सांगणारा सर्जन क्वचितच भेटेल. गोळ्यांना गाठी मारायला आठवडे आणि महिने लागतात. मज्जारज्जूला तेवढी उसंत नसते.

आता हा आजार नेमका काय आहे ते सांगतो, कारण तुमच्या घरातली निम्मी भांडणं अर्धवट माहितीतून आली आहेत.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा टेपवर्म अगदी लहान असतो, लांबी काही मिलिमीटर. टेपवर्म म्हटलं की हातभर लांब पांढरी फीत डोळ्यांसमोर येते. हा तसा नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढाही जेमतेम. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, मातीत, पाण्यात मिसळतात. चरताना ती मेंढी, शेळी किंवा गाय यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी तयार होतात. अशा जनावराचे गाठी असलेले अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात पुन्हा टेपवर्म वाढतात. चक्र एवढंच आहे, कुत्रा आणि चरणारी जनावरं. माणूस त्यात चुकून सापडतो. न धुतलेल्या भाजीवरून, दूषित पाण्यातून किंवा मातीच्या हाताने अंडं तोंडात गेलं की आतड्यात त्यातून सूक्ष्म अळी बाहेर पडते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि बहुतेकदा यकृतात अडकते. साधारण ७० टक्के गाठी यकृतात आणि २० टक्के फुप्फुसात सापडतात. हाडापर्यंत पोचणाऱ्या अर्धा ते चार टक्के. त्यातल्या जवळपास निम्म्या मणक्यांत, आणि मणक्यांमध्येही छातीच्या भागात सगळ्यात जास्त. बाबांचा आठवा मणका म्हणजे नेहमीचाच पत्ता.

मी पहिल्यांदा ही गाठ पाहिली तेव्हा ऑपरेशनच्या टेबलाशी मदतनीस म्हणून उभा होतो. हाडातून एकामागोमाग एक लहान लहान पिशव्या निघत होत्या. पारदर्शक, ओल्या, काही मटाराएवढ्या, काही भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या. नंतर त्यांतलं पाणी एका काचेच्या नळीत घेऊन वरिष्ठांनी ती खिडकीशी धरली. पाणी झऱ्यासारखं नितळ. नळी जरा तिरकी केली तशी तळाशी बसलेली बारीक वाळू हलली. ती वाळू म्हणजे टेपवर्मची सूक्ष्म डोकी आणि त्यांना झाकणाऱ्या कवचांचे तुकडे. त्यातल्या प्रत्येक डोक्यातून नवी गाठ धरू शकते. ऑपरेशन करताना सगळ्यांचे श्वास का रोखलेले होते, ते मला तेव्हा कळलं. पिशवी फुटली की ती वाळू आजूबाजूला सांडते. शिवाय ते पाणी रक्तात गेलं तर ॲलर्जीचा जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो.

यकृतातल्या गाठीभोवती शरीर एक जाडसर कवच तयार करतं, त्यामुळे ती चेंडूसारखी एका जागी राहते. हाडात तसं कवच तयार होत नाही. हाड आतून जाळीसारखं असतं, गाठ त्या जाळीच्या पोकळ्यांतून वाट काढत, फांद्या फोडत पसरते. म्हणूनच जुन्या फ्रेंच डॉक्टरांनी मणक्यातल्या या आजाराला "पांढरा कॅन्सर" म्हटलं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण पसरण्याची रीत तशी आहे. तुमच्या सर्जनने "पुन्हा येऊ शकतं" म्हटलं ते या कारणाने. त्यात त्यांचा हात कच्चा असल्याची कबुली शोधू नका.

दादा इंटरनेटवर वाचत असेल तर त्याला एक सांगा. यकृतातल्या काही गाठींवर सुईने पाणी काढून, आत औषध सोडून, पुन्हा ओढून घ्यायची पद्धत आहे आणि तिथे ती चांगली चालते. मणक्यातल्या गाठीसाठी तिचा आग्रह धरू नका. इथे पोकळी एक नसते, शेकडो असतात, आणि शेजारी मज्जारज्जू असतो.

आता शेरू.

तुम्ही धरून चालला आहात की शेरू आला, मग आजार आला. हिशोब करून पाहू. शेरू घरी येऊन चार वर्षं झाली. पाठदुखी दोन वर्षांची. हाडातली गाठ फार संथ वाढते, कारण हाड तिला जागा देत नाही. अंडं पोटात गेल्यापासून पहिली तक्रार सुरू होईपर्यंत अनेक वर्षं जातात, कधी कधी दशकंसुद्धा. एक मणका पोखरून मज्जारज्जूपर्यंत पोचलेली गाठ शेरू आल्यानंतरच्या दोन वर्षांत वाढली, हे अशक्य आहे असं मी शपथेवर म्हणणार नाही. पण पैज लावायची वेळ आली तर मी शेरूच्या बाजूने लावीन. बाबांच्या आयुष्याची ६१ वर्षं आहेत. त्यांत किती कुत्र्यांच्या डोक्यावर हात फिरवला असेल, किती ठिकाणची कच्ची भाजी खाल्ली असेल, कुठकुठलं पाणी प्यायले असतील. ते अंडं लहानपणीचंही असू शकतं.

दुसरं, कुत्रा आहे म्हणजे टेपवर्म आहे असं नाही. जनावराचे गाठी असलेले कच्चे अवयव खाल्ल्याखेरीज कुत्र्याला हा टेपवर्म होत नाही. शेरू शिजवलेलं किंवा पाकिटातलं अन्न खात असेल, उकिरडे धुंडाळत नसेल आणि कत्तलीच्या जागी मोकाट फिरत नसेल, तर तो या गुन्ह्यात सापडण्याची शक्यता फार कमी. तो भटकत असेल, कच्चे तुकडे कुठून तरी मिळत असतील, तर शंका रास्त आहे. पण तरीही उपाय त्याला हाकलण्याचा नाही.

"लांब सोडून येऊ" या दादाच्या बेतात मला सगळ्यात मोठी चूक दिसते, आणि ती भूतदयेची नव्हे, हिशोबाची आहे. घरात औषध घेणारा, ठरावीक खाणारा कुत्रा सोडून दिला की तो पोटासाठी काहीही खाणार. म्हणजे आज जो बहुधा निर्धोक आहे त्याला तुम्ही धोक्याच्या चक्रात नेऊन सोडणार, आणि त्याची विष्ठा दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी पडणार.

त्याऐवजी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध मागा. नाव घेऊनच विचारा, कारण जंताच्या प्रत्येक गोळीत ते नसतं. कुत्र्याने दूषित अवयव खाल्ल्यावर साधारण सहा आठवड्यांनी अंडी पडू लागतात, म्हणून भटकणाऱ्या कुत्र्याला काही डॉक्टर दर दीड महिन्याला औषध देतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून किमान चार वेळा सांगते. शेरूच्या सवयी पाहून डॉक्टर ठरवतील. या औषधाने टेपवर्म मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून औषधानंतरचे काही दिवस त्याची विष्ठा हातमोजे घालून उचलायची आणि खोल पुरायची किंवा जाळायची. अंडी चिवट असतात. ओलसर, थंड जागी महिनोन् महिने टिकतात, घरातल्या फ्रीजच्या थंडीने किंवा व्हिनेगरच्या पाण्याने मरत नाहीत. शिजवल्याने मरतात आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने बरीचशी निघून जातात. शेरूला हात लावला की जेवणाआधी साबणाने हात धुवा, त्याला तोंड चाटू देऊ नका. एवढं पाळून तो घरात राहू शकतो.

आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार घरोघरी होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला, त्याने कुत्र्यांची तपासणी केली आणि परत येऊन एक छोटी पुस्तिका लिहिली. ती छापून लोकांच्या घरी वाटली गेली. कापलेल्या जनावराच्या गाठी कुत्र्यापुढे टाकू नका, जाळा किंवा पुरा, कुत्र्यांना जंताचं औषध द्या, असा साधा मजकूर. पुढच्या काही दशकांत नव्या पिढीत हा आजार झपाट्याने कमी होत गेला आणि आज तो तिथून हद्दपार झाला आहे. (तुमच्या दादाची बाजूही सांगायला हवी: रेक्याविकने १९२४ मध्ये शहरात कुत्री पाळायलाच बंदी घातली होती. पण तोवर आजार बराच ओसरला होता.)

ताट-वाटी परत एकत्र करा, आजच. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. उष्ट्याने, शेजारी झोपल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. बाबांच्या मणक्यातली गाठ बंद पिशवी आहे, त्यातून अंडी बाहेर पडत नाहीत. अंडी फक्त कुत्र्याच्या आणि त्याच्या जातकुळीतल्या प्राण्यांच्या विष्ठेतून येतात. आईला हे तुम्ही सांगून पटलं नाही तर सर्जनकडे जाताना बरोबर घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकवा. ६१ वर्षांच्या माणसाला आपलं ताट वेगळं काढलेलं दिसतं. तो बोलत नाही इतकंच.

घरातल्या बाकीच्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा का? सगळे एकाच घरात, एकाच पाण्यावर राहिलेले, म्हणून एकदा करून घेणं शहाणपणाचं आहे. घाबरायचं कारण नाही. बाबांच्या बाबतीत मात्र ही तपासणी ऑपरेशनआधी व्हायलाच हवी, यकृतात किंवा फुप्फुसात आणखी गाठ आहे का हे पाहण्यासाठी. झाली नसेल तर विचारा.

आता खोटं बोलण्याबद्दल. तुम्ही हा प्रश्न सत्य आणि माया यांच्यातला झगडा म्हणून मांडला आहे. मी तो गोळ्यांच्या डबीपाशी आणतो.

ऑपरेशननंतर बाबांना अल्बेंडाझोल सुरू होईल, बहुधा ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कित्येक महिने. मणक्याच्या आजारात कधी वर्षाहून जास्तही. शाळेत मुलांना जंतासाठी जी एकच गोळी देतात ती हीच, म्हणून पुष्कळांना वाटतं की एवढ्याशा गोळीचं काय कौतुक. आतड्यातल्या जंतासाठी एक पुरते. हाडातल्या गाठीपर्यंत औषध पुरेसं पोचायला ती रोज, नेमाने आणि तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतलेली गोळी रक्तात फार कमी उतरते. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण यकृतावर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर परिणाम होऊ शकतो. थोडे केस गळू शकतात, ते परत येतात. डोळे पिवळे झाले, ताप आला, घसा खूप दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आणि त्यानंतर कित्येक वर्षं ठरावीक अंतराने एमआरआय.

आता तुम्हीच सांगा, ज्याला "झालं, संपलं, एकदाच होतं" असं सांगितलं आहे तो माणूस तिसऱ्या महिन्यात पाठ दुखायची थांबल्यावर गोळ्या का घेईल? वर्षाने एमआरआयच्या त्या अरुंद नळीत का झोपेल? मी असे रुग्ण पाहिले आहेत. नातेवाइकांनी प्रेमापोटी अर्धंच सांगितलेलं, रुग्णाने दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडलेल्या, आणि चार वर्षांनी चाकाच्या खुर्चीतून परत आलेला. मणक्यातला हा आजार उलटण्याचं प्रमाण अनेक वैद्यकीय अहवालांत ३० ते ४० टक्क्यांच्या घरात आहे, काहींत त्याहून जास्त. ते खाली ठेवण्याच्या कामात रुग्ण भागीदार हवा, आणि अंधारात ठेवलेल्या माणसाला भागीदार करता येत नाही.

मात्र "पुन्हा येणार" असंही सांगू नका, तेही खरं नाही. मला वाटतं बाबांना ऑपरेशनची भीती नाही, फसवलं जाण्याची आहे. आठ महिने टीबीच्या गोळ्या गिळून पदरात काही पडलं नाही, त्यानंतर "एकदाच ना?" हा प्रश्न आला आहे. त्यांच्याशी साधारण असं बोला: "बाबा, हे ऑपरेशन तुमचे पाय वाचवायला आहे. ते आता करायचंय. गाठी मुळासकट निघतील असा प्रयत्न करणार आहेत, पण हाडात एखादी बारीक राहू शकते, म्हणून गोळ्या आणि तपासण्या. पुन्हा आली तर लवकर सापडेल, आणि तेव्हा काय करायचं ते तुम्हाला विचारूनच ठरेल." शेवटचं वाक्य गाळू नका. आणि हे बोलणं सर्जनसमोर झालं तर फार बरं. त्यांनी तुम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, ते बाबांनाच आधी सांगायला हवं होतं. मणका त्यांचा आहे.

त्याच भेटीत सर्जनना विचारायचं: फक्त मज्जारज्जूवरचा दाब काढणार की आजारी मणका पूर्ण काढून तिथे आधार आणि स्क्रू बसवणार? जितका आजारी भाग निघेल तितकी गाठी उलटण्याची शक्यता कमी, पण ऑपरेशन मोठं. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं, बाबांची तब्येत पाहून ते ठरतं. गोळ्या ऑपरेशनआधी सुरू करणार का, की वेळ नाही? गाठ फुटली तर काय तयारी आहे? हा आजार याआधी किती वेळा हाताळला आहे, हेही विचारा. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. हा आजार इतका विरळ आहे की "फारसा नाही, पण अमुक ठिकाणच्या सहकाऱ्यांचा सल्ला घेतोय" हेही चांगलं उत्तर आहे.

टीबीच्या निदानाबद्दल तुम्ही पत्रात दीड पान लिहिलं आहे, आणि त्या रुग्णालयाचं नावही. नाव मी गाळलं. राग समजतो. पण या दोन आजारांची गल्लत होते हे खरं आहे. दोन्हींत मणका पोखरला जातो, शेजारी गाठ दिसते, पाठ दुखते. अनुभवी डोळा फरक पाहतो तो दोन मणक्यांमधल्या चकतीत: टीबी चकती बहुधा खातो, हायडॅटिडमध्ये ती बराच काळ शाबूत राहते. साध्या एक्स-रेवर हे नीट कळत नाही. रक्ताची चाचणीही हाडाच्या आजारात कधी कधी चुकीने निगेटिव्ह येते. त्यामुळे माझा आक्षेप निदान चुकलं याला नाही, आठ महिने फरक पडत नसताना पुन्हा पाहिलं नाही याला आहे. हे वाचणाऱ्या इतरांनीही लक्षात ठेवावं: मणक्याच्या टीबीचे उपचार चालू असताना दोन-तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर एमआरआयबद्दल विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि टीबीच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं हे आताच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

तुमच्या मामांनी म्हणे सांगितलं की टेपवर्म डुकराच्या मांसातून येतो आणि आपल्या घरात कुणी ते खात नाही, म्हणजे रिपोर्टच चुकला. मामा दुसऱ्याच टेपवर्मबद्दल बोलताहेत, आणि त्याबद्दलही अर्धंच. टीनिया सोलियम हा डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो, कित्येक मीटर लांब होतो. पण मेंदूत आणि क्वचित मणक्यात ज्या गाठी होतात, ज्यांना सिस्टिसर्कोसिस म्हणतात, त्या मांसातून होत नाहीत. आतड्यात टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी दुसऱ्याच्या पोटात गेल्याने होतात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्यांनाही हा आजार होतो, आणि मग घरात "बाहेर काय खाल्लंस ते खरं सांग" अशी उलटतपासणी सुरू होते. हे सदर वाचणाऱ्या कुणाच्या घरी ती चालू असेल तर ती थांबवा आणि त्याऐवजी घरातल्यांची विष्ठा तपासून घ्या. कुणाच्या आतड्यात टेपवर्म निघालाच तर औषधाच्या एका डोसने तो जातो. तिथे कुत्र्याचा संबंधच नसतो. त्या आजारात गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नयेत. गाठ मरताना आजूबाजूला सूज येते, आणि मज्जारज्जूच्या अरुंद नळीत सूज म्हणजे आधीपेक्षा वाईट अवस्था. म्हणून स्टेरॉइड बरोबर देतात आणि आधी डोळे तपासतात, कारण डोळ्यात गाठ असेल तर तिथली सूज दृष्टी घालवू शकते.

आणि तुमचा पहिला प्रश्न, माझ्यामुळे झालं का? वरचा हिशोब पुन्हा वाचा. मला नाही वाटत. पण समजा उद्या कुणी सिद्ध केलं की शेरूच होता. तरी चार वर्षांपूर्वी एक पिल्लू घरी आणताना हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आज तुम्ही बाबांच्या पायांकडे पाहत होतात, ती ओळ तुम्ही लिहिलीत, दादाने किंवा आईने नाही. त्या ओळीनेच कदाचित ऑपरेशनची तारीख अलीकडे येईल.

तर आज फोन. ऑपरेशनची तारीख मिळाली की एक मोठं कॅलेंडर आणून बाबांच्या खोलीत लावा. त्यावर गोळ्या सुरू झाल्याची तारीख, रक्त तपासणीच्या तारखा, पुढचा एमआरआय. शेरूच्या औषधाच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर लिहा, आणि त्या लिहायचं काम दादाकडे द्या.